दिवाळीपर्यंत नवी वस्तू नाही

“याला एकच तोंड आहे वहिनी,” शिकलगार म्हणाले, “आणि ताईंना पाहिजेत दोन.”

कॉम्प्युटरची पेटी त्यांनी टेबलावर आडवी घातली होती आणि बॅटरीचा उजेड आत पाडून ते मला काहीतरी दाखवत होते. मला हिरव्या पाटीवर चिकटलेले काळे चौकोन दिसले, बाकी काही नाही. माझी नणंद त्रिशला शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिला तेही दिसत नव्हते. विसाव्या वर्षी तिचे डोळे गेले, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. पण तिची बोटं त्या उघड्या पेटीच्या कडेवरून अशी फिरत होती, की तिलाच आतलं सगळं समजतंय असं वाटावं.

“म्हणजे दाजी बोलायला लागले की डॉक्टर गप्प,” ती म्हणाली. “आणि डॉक्टर बोलायला लागले की दाजी गप्प.”

“हां. बोर्डावरच साउंड आहे याच्या, जुन्यातलं. एका वेळी एकच आवाज झेपतोय त्याला.”

दाजी म्हणजे पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा त्या कॉम्प्युटरमधला आवाज. पुरुषी, नाकातला, इंग्रजी. वर्षभरापूर्वी त्रिशला पुण्याच्या संस्थेत ते सगळं शिकून आली आणि घरात तो आवाज घुमायला लागला, तेव्हा ह्यांनीच त्याचं नाव दाजी ठेवलं. बहिणीच्या खोलीत दिवसभर पुरुषमाणूस बोलतोय, तर तो दाजीच की, म्हणून. त्रिशलाही काही कमी नव्हती. “नवराच आहे दादा अगदी,” ती म्हणायची. “दिवसभर बडबडतो आणि माझं एक ऐकत नाही.”

ही गोष्ट दोन हजार दोन सालातली. आम्ही जयसिंगपुरात राहत होतो. खाली ह्यांचं पाइप आणि नळजोडण्यांचं दुकान, वर घर. मुलगा पुण्याला होस्टेलवर, घरात आम्ही तिघंच. भाद्रपद चालू होता, दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस, षष्ठी. त्या वर्षी आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, चातुर्मासाला आमच्याच बस्तीत, जैन मंदिरात, उतरल्या होत्या. पहाटे उठून मी आधी दिवसाचे नियम धरायची, आजही धरते. आज दूध-तूप-मिठासारखे किती रस खायचे, कितीदा पाणी घ्यायचं, कुठल्या वाहनात बसायचं, गाणं कानावर घ्यायचं की नाही. त्या दिवशी गाण्याचा त्याग होता. दाजीचा आवाज गाण्यात मोडत नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

“आता हे बघा,” शिकलगारांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली हाताएवढी पाटी काढली. “गिऱ्हाइकाचं साउंड कार्ड आहे, उद्या परत द्यायचंय. पाच मिनिटं लावून दाखवतो. दुसऱ्याचं आहे म्हणून पाचच मिनिटं हां.”

दुसऱ्याचंच होतं, परत जायचं होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

प्रकरण असं होतं. मिरजेला डॉक्टर अवधानी म्हणून होते. पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकीकत ते यंत्रात बोलून ठेवायचे आणि कुणीतरी ती ऐकून टाइप करायची. त्रिशला आंधळी व्हायच्या आधी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती, इंग्रजी उत्तम. संस्थेतल्या कुणीतरी तिचं नाव सुचवलं. डॉक्टरांच्या ऑफिसातल्या बाईंनी बारा पेशंटांची सीडी पाठवली. सोमवारपर्यंत बाराही टाइप करून द्यायची, चुका नसल्या तर काम पक्कं. सुरुवातीला घरून, पुढं मिरजेलाच. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात खोलीही बघून देऊ, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

आणि तीन दिवसांत त्रिशलाचे दोनच पेशंट झाले होते. डॉक्टरांचं एक वाक्य ऐकायचं, त्यांना बंद करायचं, टाइप करायचं, मग काय टाइप झालं ते दाजीकडून ऐकायचं, दाजीला बंद करायचं, पुन्हा डॉक्टर. मध्येच यंत्र अडून बसायचं आणि दोघंही गप्प व्हायचे.

शिकलगारांनी पाटी खाचेत दाबली, पेटी सुरू केली, थोडी खटपट केली आणि त्रिशलाच्या कानांवर हेडफोन चढवला. “डॉक्टर डाव्या कानात, दाजी उजव्या. घ्या.”

तिनं टाइप करायला सुरुवात केली. सुरुवातीला अडखळत, मग सलग. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, नुसत्या कळांचा आवाज. तिची मान डावीकडे थोडी कललेली. मध्येच ती हसली.

“काय झालं?” दाराशी उभ्या असलेल्या ह्यांनी विचारलं.

“हळू बोल दादा. दोघं बोलतायत.”

पाच मिनिटांची पंधरा झाली. शिकलगार घड्याळ बघत होते. शेवटी तिनं हेडफोन काढून गळ्यात ठेवला. गाल लाल झाले होते.

“एक पूर्ण पेशंट,” ती म्हणाली. “पोटदुखीचा. वहिनी, पूर्ण! काल अख्खा दिवस लागला होता.”

“मग ठरलं,” हे म्हणाले. “शिकलगार, उद्या सांगलीहून नवीन घेऊन या असलंच.”

“दादा, थांब,” त्रिशला म्हणाली. “वहिनींचा नियम आहे.”

खोलीतले तिघंही माझ्याकडे वळले. त्रिशलासुद्धा, आवाजाच्या अंदाजानं, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला.

आषाढात माताजींनी चातुर्मासाचा कलश स्थापन केला, त्या दिवशी मी परिग्रहाचा नियम घेतला होता: दिवाळीपर्यंत घरात एकही नवी वस्तू येणार नाही. धान्य, तेल, औषध सोडून. चाळणीची जाळी फाटली तर मी ती सुतळीनं शिवली. केरसुणीचा बुंधा चारदा बांधला. हे दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या घरात सध्या फक्त पाहुणे नवीन येतात.” बस्तीतल्या बायका मात्र कौतुक करायच्या. त्या माझं दुसरंही एक कौतुक करायच्या. राजमतीनं आंधळ्या नणंदेला लेकीगत सांभाळलं, म्हणायच्या.

“नियम तिचा आहे, घर माझंपण आहे की,” हे म्हणाले.

“असं नाही रे.” त्रिशलानं माझ्या दिशेला तोंड केलं. “वहिनी, मी विचार केलाय. जुनं काढून त्या जागी नवं आलं तर संख्या वाढत नाही ना? एक गेली, एक आली.”

तिनं हे आधीच घोकून ठेवलं होतं, हे मला कळलं. मी शिकलगारांना विचारलं, “जुनं निघतं का बाहेर?”

त्यांनी डोकं खाजवलं. माणूस सरळ. “निघत नाही वहिनी. बोर्डालाच चिकटलेलं असतं. ते आत तसंच राहतं, नुसतं बंद करायचं. नवीन बसतंय रिकाम्या खाचेत.”

“म्हणजे एक वाढलीच,” मी म्हटलं.

शिकलगार गिऱ्हाइकाचं कार्ड काढून पुन्हा कागदात गुंडाळायला लागले. कागदाचा आवाज झाला तसा त्रिशलाचा हात पेटीवरून खाली आला.

“मग माताजींना विचारा की,” ती म्हणाली. “उद्या त्यांना आहार द्यायला जाणारच आहात. नियम तुम्ही त्यांच्यासमोर घेतलाय, त्याच सांगतील चालतंय का नाही ते. त्या हो म्हणाल्या तर?”

“तर आणू.”

“आणि नाही म्हणाल्या तर मी हट्ट करणार नाही. शप्पथ.”

सप्तमीला सकाळी मी आहाराला गेले. माताजींचा आहार निर्विघ्न झाला. सगळ्या बायका पाया पडल्या, मीही पडले. दहाच्या सुमारास घरी आले. त्रिशला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. माझी पावलं ती खालपासून ओळखायची.

“काय म्हणाल्या?”

मी चपला कडेला लावल्या. “नको म्हणाल्या.”

“नको?”

“आवाज हाही परिग्रहच आहे, म्हणाल्या. एक आवाज पुरत नाही, दुसरा हवा. दुसरा आला की तिसरा हवासा वाटेल.”

ती हळू म्हणाली, “आवाज हाही परिग्रह.” आणि मान हलवली. तिला ते पटलं होतं. तेच मला बघवलं नाही आणि मी स्वयंपाकघरात गेले.

दुपारी जेवताना हे तडकले. “माताजींना काय ठाऊक मिरजेच्या डॉक्टरचं? तू नीट सांगितलंस का? पोटापाण्याचं काम आहे, चैन नाही, हे सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग असं करू. कॉम्प्युटर खाली दुकानात ठेवू. तुझा नियम घराचा आहे ना? दुकानात रोज शंभर नव्या वस्तू येतात, त्यात एक कार्ड. त्रिशला खाली बसून टाइप करेल. सॉकेटं आणि एल्बोंच्या मधे.”

मला वाटलं आता ती हो म्हणेल. मला वाटलं, म्हणू दे. खरंच तसं वाटलं का, हे आता इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही.

“नको दादा,” त्रिशला म्हणाली. “पळवाट काढून काय करायचं? माताजी वहिनींना नव्हत्या बोलत, त्या मलाच बोलल्या. हाव मला सुटली होती. काल ते दोन आवाज ऐकले ना, रात्रभर मला झोप नाही आली.”

“हाव कसली त्यात?” हे म्हणाले. “तुझ्या वयाच्या बायका दोन-दोन पोरं सांभाळतात. तुला दोन आवाज जास्त झाले?”

ती हसली. ताट उचलताना मला म्हणाली, “वहिनी, मला माताजींकडे न्याल? मला नियम घ्यायचाय.”

“कसला?”

“तिथंच सांगते.”

“रविवारी जाऊ.”

“उद्याच जाऊ. आज मनात आहे तर उद्याच.”

उद्या अष्टमी होती. अष्टमी-चतुर्दशीला माताजींचं मौन असायचं. त्रिशलाला ते ठाऊक नव्हतं. ती बस्तीत सणावारालाच यायची. मला ठाऊक होतं. आणि “बरं, उद्या जाऊ” असं म्हणताना मला हायसं वाटलं होतं, हेही मला ठाऊक आहे.

अष्टमीच्या सकाळी तिचा हात धरून मी तिला बस्तीमागच्या खोलीत नेलं. माताजी फळीवर बसल्या होत्या, शेजारी कमंडलू, मांडीवर मोरपिसांची पिच्छी. आणखी कुणी नव्हतं. त्रिशलानं श्रीफळ पुढं ठेवलं आणि वंदामि म्हणून गुडघ्यांवर बसली. मी तिच्या कानाशी म्हटलं, “आज मौन आहे त्यांचं. तू बोल, त्या ऐकतील.”

“अगं बाई,” ती चपापली. पण लगेच सावरून बसली. “माताजी, मी भूपाल मगदुमांची बहीण. तुम्ही वहिनींजवळ माझ्यासाठी निरोप दिलात, तो मला पोचला.”

माताजींच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हे, कुठला निरोप, हे त्या आठवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचा पंजा किंचित उलटा केला. काय म्हणतेय ही?

माताजींना मी काहीच विचारलं नव्हतं. सप्तमीला मी पाया पडले, त्यांनी पिच्छी उचलून आशीर्वाद दिला आणि मी घरी आले. ते परिग्रहाचं वाक्य मी वाटेत, पिठाच्या गिरणीपासून घरापर्यंत, जुळवलं होतं.

आता त्या खोलीत बोलू शकणारं, आणि सगळं ठाऊक असलेलं, माणूस एकच होतं.

“कॉम्प्युटरचं म्हणतेय माताजी,” मी म्हटलं.

एवढंच. वाक्य खरं होतं, म्हणून ते तोंडातून सहज निघालं.

“हो, त्याचंच,” त्रिशला म्हणाली. “तुम्ही म्हणालात आवाज हाही परिग्रह. मी कालपासून त्यावर विचार करतेय. मला डोळे नाहीत, म्हणून मी कानाचे लाड चालवले होते. तुम्ही ते ओळखलंत. माताजी, नवं कार्ड तर नकोच, मला त्या यंत्राचाच त्याग द्या. दिवाळीपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. त्यात माझं एक काम जाईल. जाऊ दे. मला आजवर कधी काही सोडताच आलं नाही. सगळं आपोआपच सुटत गेलं. हे एक मी सोडते.”

तिच्या आवाजात आनंद होता. कुणालाही ऐकू आला असता.

माताजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचे डोळे मोठे होते आणि त्यांच्यात अजूनही तोच प्रश्न होता. मी मान खाली घातली. फरशीवर तांदळाचे चार दाणे पडले होते, ते मी मोजले. माताजींना ती मान होकाराची वाटली असेल. घरच्या थोरल्या बाईची संमती आहे, असं वाटलं असेल. पिच्छीच्या पिसांची हलकी सळसळ झाली. मी वर पाहिलं तेव्हा ती त्रिशलाच्या डोक्यावर टेकलेली होती.

येताना त्रिशला वाटभर माझा हात झुलवत चालली होती, शाळेतल्या मुलीसारखी.

सोमवारी दुपारी मिरजेहून फोन आला. तिनं स्वतः घेतला. “नाही मॅडम, जमणार नाही... नाही, तब्येत ठीक आहे... दिवाळीनंतर जमेल... हो, समजलं. तुमचं काम थांबून कसं राहणार? बरं.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “दुसरी एक मुलगी आहे त्यांच्याकडे. डोळस.” मग जरा वेळानं, “वहिनी, काय गंमत बघा. मला वाटलं होतं रडू येईल.”

त्या संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत उरकायची आमची जेवणं झाल्यावर, ती पूर्वीसारखी माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. “वाचा की.” अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी तिला शास्त्र वाचून दाखवत होते. दाजी आल्यापासून ते बंदच पडलं होतं. “पुण्याच्या संस्थेनं फ्लॉपीवर पुस्तकं दिली आहेत, मी ऐकीन, तुम्ही दमता,” असं ती म्हणाली होती, आणि ते प्रेमानंच म्हणाली होती. आता मी पुस्तक उघडलं. अकरा महिन्यांनी. तिनं डोळे मिटले आणि भिंतीला टेकली.

“तुमचा आवाजच बरा,” ती म्हणाली. “दाजी कुठल्या ओळीला थांबायचं ते विसरतो.”

सोमवार ते शुक्रवार, पाच संध्याकाळी मी वाचलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी त्यागाचं प्रकरण आलं. घसा खराब आहे, असं सांगून मी पान उलटलं. चौथ्या दिवशी मला घास जाईना. पर्वाचा उपवास आहे, असं सगळ्यांना वाटलं आणि पुन्हा कौतुकच झालं.

मग क्षमावाणीचा दिवस आला. बस्तीत सगळी माणसं एकमेकांपुढं हात जोडून फिरतात. वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा, म्हणतात. समोरचा उत्तम क्षमा म्हणतो, पुढं सरकतो. मीही फिरले. माताजींपुढं गेले तेव्हा त्यांचं मौन नव्हतं. “नणंद कशी आहे?” त्यांनी विचारलं. “मोठ्या जिवाची मुलगी आहे. मी कधी काय निरोप दिला होता, ते मात्र मला आठवेना.” मागून बायकांनी रेटा दिला आणि मी पुढं सरकले.

त्रिशलाही आली होती. गर्दीत तिनंच माझ्यापुढं हात जोडले. “वहिनी, तुमच्यावर मनातून कधी कधी चिडले होते. क्षमा करा.”

मी म्हटलं, “घरी चल.”

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. हे दुकानात होते. ती तिच्या खोलीत खाटेवर बसली आणि मी उभीच राहून सगळं सांगितलं. माताजींना काही विचारलं नव्हतं. निरोप खोटा होता. अष्टमीला मौन असतं हे ठाऊक असूनही मी तिला त्याच दिवशी नेलं. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि मी बोलले नाही.

सांगून झाल्यावर तिनं विचारलं, “का?”

“तू मिरजेला गेली असतीस.”

“हो. गेले असते.”

“मग मी...”

“तुम्ही वाचणार कुणासाठी?” तिनंच पुरं केलं. “दाजी आल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात स्तोत्रं मोठ्यानं म्हणायला लागला होता. मला वाटायचं, त्याला ऐकवताय.” ती हसेल असं क्षणभर वाटलं. हसली नाही.

“तू तो नियम मोड,” मी म्हटलं. “आत्ता मोड. खोट्यावर घेतलेला आहे तो. पाप माझ्या माथी. मी माताजींना सगळं सांगते, प्रायश्चित्त घेते. आज शिकलगारांना फोन करते, कार्ड आणायला सांगते. माझाही नियम मोडते.”

“कामच नाही, तर कार्ड कशाला?”

“तरी पण.”

“आणि नियम कसा मोडू? तुम्ही खोटं बोललात. मी नव्हते बोलले. मी खराच घेतला.” ती थांबली. “दिवाळीला अजून चव्वेचाळीस दिवस आहेत. मी रोज सकाळी उठून मोजते. आज सकाळी मोजले तेव्हा चांगलं वाटलं होतं.”

“त्रिशला, मला क्षमा कर.”

“सांगायला नको होतंत तुम्ही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तुमच्या मनावरचं ओझं उतरलं असेल, पण मला सांगायला नको होतंत वहिनी. डोळे गेले, ते कुणी मला विचारून गेले नाहीत. कॉलेज गेलं, लग्न गेलं, तसंच. हे एक मी माझ्या हातानं सोडलं होतं. गेले आठ दिवस मी त्या खुशीत होते. आता तुम्ही सांगताय की मी सोडलं नव्हतं. तेही माझ्याकडनं काढूनच घेतलं होतं.”

खाली दुकानात ह्यांचा कुणाशी तरी हुज्जत घालण्याचा आवाज येत होता, पाऊण इंची का अर्धा इंची असं काहीतरी. मी तिच्या पायाशी बसले. तिनं पाय मागं घेतले नाहीत; पुढं हातही केला नाही.

“दादाला सांगितलंत?”

“नाही. आता सांगते.”

“नका सांगू.”

“का? त्यांना कळायला हवं.”

“दादा तुमच्याशी बोलायचा बंद होईल. महिना, दोन महिने. मग घरात अबोला. दोघं माझ्याशी बोलणार, एकमेकांशी नाही. ते सगळं या खोलीत बसून ऐकायचं कुणी?” तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. “आणि मी रागावू म्हटलं तर रागावून जाऊ कुठं? माझं ताट तुम्ही वाढता. माझ्या साड्या तुम्ही निवडता. बस्तीत जायचं तर हात तुमचा. रागवायलासुद्धा आपली एक खोली लागते वहिनी. ती मिरजेला होती.”

मला रडू आलं नाही. मी रडले असते, तर तिला मलाच समजवावं लागलं असतं.

बऱ्याच वेळानं तिनं खिडकीकडे तोंड केलं. उन्हाची ऊब गालावर घेऊन ती वेळ ओळखायची.

“सूर्य बुडायला आला,” ती म्हणाली. “वाढा. नाहीतर आज दोघींचं जेवण राहील.”

मी उठले. आमटी गरम केली, दोन ताटं घेतली. ती भिंतीला हात लावत आपली आपण येऊन बसली. मी वाढलं आणि तिनं जेवायला सुरुवात केली.